गोळ्यांच्या खुणांचं काय करायचं?

यादवी संपली की देशाला आपल्या जुन्या वास्तू अभिमानाने मांडाव्याशा वाटतात. पण भिंतींवरच्या गोळ्यांच्या खुणा ठेवायच्या की बुजवायच्या, यावर अडखळायला होतं. लेबनॉन १९७५ ते १९९० या काळात यादवीत होरपळला. बैरूतचं राष्ट्रीय संग्रहालय शहराच्या दुभाजक रेषेवरच होतं. तिथले प्रमुख मॉरिस शेहाब यांनी अवजड शवपेटिका काँक्रीटमध्ये बंद करून वाचवल्या. हा वारसा मांडणं तुलनेनं सोपं, कारण फिनिशियन किंवा रोमन काळावरून आज कोणी कोणाशी भांडत नाही. कालचा इतिहास मात्र अवघड. १९९१च्या कायद्याने बहुतेक युद्धगुन्ह्यांना माफी मिळाली आणि शाळेच्या पुस्तकांत यादवी आलीच नाही. अशा देशात इमारत हीच साक्षीदार ठरते.

बैरूतच्या सोदेको चौकातली बरकात इमारत हे त्याचं उदाहरण. युसूफ अफ्तिमस यांनी १९२४मध्ये ती उभारली. कोपऱ्यावर मोकळी जागा सोडल्याने खोल्यांतून थेट चौक दिसायचा. पुढे आत दबा धरून बसलेल्या नेमबाजांना हीच रचना सोयीची पडली. म्हणजे इथे वास्तुकला आणि युद्ध वेगळे काढताच येत नाहीत. खुणा बुजवल्या तर इमारत सुंदर दिसेल, पण तिची निम्मी हकीकत पुसली जाईल. वास्तुरचनाकार मोना हल्लाक यांच्या दीर्घ पाठपुराव्यामुळे ती पाडापाडीतून वाचली आणि २००३मध्ये नगरपालिकेने ताब्यात घेतली.

यावर आक्षेप असा, की जखमा उघड्या ठेवल्या तर वैर पुन्हा पेटेल. पण नव्वदच्या दशकात मध्यवर्ती बैरूतमधल्या अनेक जुन्या इमारती पाडून नवं शहर उभारलं गेलं, तरी पंथांतला अविश्वास काही मिटला नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार: नुसती भोकं दाखवली तर हिंसेचाच तमाशा होतो. म्हणूनच बरकात इमारतीच्या तळमजल्यावरच्या छायाचित्र स्टुडिओत सापडलेल्या निगेटिव्हही मोलाच्या; गोळ्या येण्याआधी इथे माणसं राहत होती, हे त्या सांगतात. घर, माणसं आणि नेमबाज या तिन्हींना एकत्र जागा दिली, तरच मांडणी प्रामाणिक ठरते. कोणी काय केलं यावर एकमत व्हायला पिढ्या लागतील. तोवर निदान पुरावा तरी गिलाव्याखाली जाऊ नये.