मोहाची पेंड आणि बंद पाणी

रोहिणी लागल्या की आम्ही संगोपन तळ्यात मोहाची पेंड टाकतो. आमच्या भंडारा-गोंदियाकडे मोह उदंड. टोरीचं, म्हणजे मोहाच्या बियांचं, तेल गाळलं की काळपट, कडू पेंड उरते. माशांसाठी ती विषच आहे. मत्स्यबीज पिकवणाऱ्या आम्हा ढीवरांचं मात्र तिच्यावाचून चालत नाही.

रोहू-कटल्याचं जिरं, म्हणजे अगदी लहान पिल्लू, असतं जेमतेम पाच-सहा मिलिमीटरचं. तळ्यात चार मरळ किंवा एखादा शिवडा असे मासेखाऊ मासे लपून राहिले, तर लाखभर जिऱ्यातलं काय उरेल? तळं पूर्ण आटलं तर प्रश्नच नसतो, पण आमच्याकडची बरीच तळी तळाशी ओली राहतात. मरळ त्या चिखलातही तग धरते.

पेंडीत सॅपोनिन असतं. रिठ्याला फेस येतो तो याच जातीच्या द्रव्यामुळे. ते कल्ल्यांतून रक्तात शिरतं आणि तांबड्या पेशी फोडतं. हेक्टरी, मीटरभर पाण्याला 2500 किलो हे प्रमाण. म्हणजे दहा गुंठ्यांच्या तळ्याला 250 किलो. रात्रभर भिजवलेली पेंड सकाळी सगळीकडे सारखी फेकायची आणि जाळं ओढून पाणी ढवळायचं. काही तासांत मासे वर येऊन तोंडं उघडी टाकतात. तो मासा ताजा असताना धुऊन, नीट शिजवून खाता येतो. कीटकनाशकानं मेलेल्या माशाला मात्र हातही लावू नये.

दोन-तीन आठवड्यांत विषाचा जोर ओसरतो, पेंड कुजून खत होते आणि पाण्यात जिऱ्याचं खाद्य वाढतं. ही पेंडीची मोठी जमेची बाजू. पण मरतात ते फक्त मासे नव्हेत. बेडकांची पिल्लं, गोगलगायी, पाणकिडेही जातात, आणि कुजताना पेंड पाण्यातला प्राणवायू खाते. म्हणून आधी जाळं ओढून निघतील तेवढे मासे जिवंत काढायचे, मोरी घट्ट बुजवायची, मगच पेंड. बीज सोडण्याआधी बारीक जाळीच्या हाप्यात थोडं जिरं एक दिवस ठेवून पाहायचं. ते जगलं तरच बाकीचं.

नाल्याचं पाणी वेगळं. उन्हाळ्यात आटलेल्या डोहात गेळाची फळं, कुंभ्याची साल ठेचून टाकणारे आहेत. हल्ली कुणी औषधाची बाटलीच ओततो. अशा पाण्यात प्रमाण कसलं धरणार? पावसाळ्यात अंडी घालणाऱ्या माद्या उन्हाळ्यात त्याच डोहांच्या आधारानं जगतात. एका दुपारच्या कालवणासाठी पुढच्या वर्षीचा मासा संपतो, आणि खालच्या गावाला कळतही नाही. मासे मारायला नाल्याच्या पाण्यात विष टाकणं कायद्यानं गुन्हा ठरवलं आहे. तो आमच्या पोटावर येणारा कायदा नव्हे, आमचं पोट राखणारा आहे.

मला धास्ती असते ती वळवाच्या मोठ्या पावसाची. पेंड ताजी असताना तळं भरून सांडलं, तर आमचं विष सरळ नाल्याला लागतं. आभाळ लवकर भरून आलं, तर त्या वर्षी मी पेंड टाकतच नाही. जाळ्यानं निघतात तेवढे मासेखाऊ मासे काढतो आणि बीज कमी वाचणार हे धरून चालतो.