दिव्यांग प्रमाणपत्र: वैद्यकीय पुरावा कसा जमवावा

दिव्यांग प्रमाणपत्र आजाराच्या नावावर मिळत नाही. आजारामुळे किंवा अपघातामुळे शरीराचे वा मनाचे कोणते काम अडले आणि किती अडले, याचे मोजमाप त्यात असते. माढा तालुक्यात कडबाकुट्टीत हात गेलेला शेतकरी असो, पुणे-सोलापूर महामार्गावरच्या अपघातात कणा दुखावलेला ट्रकचालक असो की जन्मतः ऐकू न येणारे मूल असो, वैद्यकीय मंडळाला प्रत्येकाच्या बाबतीत हेच मोजमाप करायचे असते. निवृत्तिवेतन, एसटीची सवलत, शिक्षण व नोकरीतील आरक्षण हे सारे पुढे त्या टक्केवारीवर ठरते. ज्याचा हक्क खरा आहे, त्याचा अर्ज केवळ कागद अपुरे म्हणून अडू नये, यासाठी पुराव्याची तयारी उपचार सुरू असतानाच करावी लागते.

कायद्याची चौकट

१९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. त्याच्या जागी आलेला दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला आणि प्रकारांची संख्या २१ झाली. स्नायूंचा ऱ्हास, थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल, कंपवात, स्वमग्नता, अध्ययन अक्षमता आणि ॲसिड हल्ल्यातील इजा यांना कायद्याने स्वतंत्र ओळख मिळाली. बहुतेक सवलतींसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागते. ते कसे मोजायचे याच्या मार्गदर्शक सूचना केंद्र सरकारने जानेवारी २०१८ मध्ये काढल्या आणि मार्च २०२४ मध्ये त्या सुधारल्या.

जून २०२१ पासून प्रमाणपत्र ‘स्वावलंबन’ या केंद्रीय पोर्टलवरूनच मिळते. त्यासोबत यूडीआयडी म्हणजे वैश्विक ओळखपत्र तयार होते. ४० टक्क्यांच्या आत पांढरे, ४० ते ८० टक्क्यांच्या दरम्यान पिवळे आणि ८० टक्के किंवा त्याहून अधिक असेल तर निळे, असे ओळखपत्राचे रंग २०२४ च्या नियमदुरुस्तीने ठरले. अर्ज घरच्या मोबाइलवरून किंवा गावातल्या सेवा केंद्रातून भरता येतो. आधार, छायाचित्र आणि ओळखीचा पुरावा जोडावा लागतो. अर्जात तपासणीचे रुग्णालय निवडायचे असते. अर्ज भरल्यावर मिळणारा नोंदणी क्रमांक जपून ठेवावा, कारण पुढची सारी चौकशी त्यावरच होते.

तपासणीसाठी सोलापूरला जायचे, तर माढ्यापासून ते सत्तर किलोमीटरच्या आसपास आहे. चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाला तिथे न्यायचे तर सोबत एक-दोघे लागतात, वाहन ठरवावे लागते आणि मजुरी बुडते. शिवाय अस्थिरोग, नेत्र, कान-नाक-घसा आणि मानसोपचार यांचे तज्ज्ञ रोज एकाच वेळी बसतीलच असे नाही. निघण्याआधी आपल्या प्रकारच्या तपासणीचा वार विचारून घेतला आणि फाईल पुरी असली, तर बरेच हेलपाटे वाचतात.

कोणत्या प्रकाराला कोणता पुरावा

हातापायांच्या अपंगत्वात एक्स-रे हाडाची स्थिती दाखवतो. सांधा किती अंश वळतो, स्नायूंत किती ताकद उरली आणि माणूस आधाराशिवाय चालू शकतो का, हे मात्र तज्ज्ञ प्रत्यक्ष तपासून ठरवतात. शस्त्रक्रियेची नोंद, अपघातानंतरचा आणि अलीकडचा असे दोन्ही एक्स-रे व फिजिओथेरपीची कागदपत्रे सोबत असली, तर उपचार होऊनही काय उरले ते दिसते. अवयव कापलेला असेल, तर तो कोणत्या पातळीवर कापला याला महत्त्व आहे. २०१८ च्या सूचनांनुसार मनगटापाशी हात गेल्यास ६० टक्के धरले जातात. मज्जातंतूंची इजा असेल तर त्यांच्या वहनाची चाचणी आणि कण्याची इजा असेल तर एमआरआय उपयोगी पडतो. लहानपणी पोलिओ झालेल्या प्रौढांकडे जुने कागद नसतात. त्यांनी त्यामुळे अर्ज टाळू नये. त्यांच्या बाबतीत आजची प्रत्यक्ष तपासणी हाच मुख्य आधार असतो.

दृष्टीची मोजणी चष्मा लावून, चांगल्या डोळ्याच्या आधारे होते. चांगल्या डोळ्याची दृष्टी ३/६० पेक्षा कमी असेल किंवा दृष्टिक्षेत्र १० अंशांहून कमी असेल, तर कायद्याच्या व्याख्येत अंधत्व येते. एक डोळा पूर्ण गेला आणि दुसरा नीट असला, तर सूचनांप्रमाणे ३० टक्के मिळतात, म्हणजे ४० ची मर्यादा गाठली जात नाही. दोन्ही डोळ्यांचा अलीकडचा अहवाल आणि काचबिंदू असेल तर दृष्टिक्षेत्राचा आलेख सोबत न्यावा.

ऐकण्याच्या बाबतीत ऑडिओमेट्री हा मूळ पुरावा. दोन्ही कानांत ७० डेसिबलची हानी असेल तर कायदा त्या व्यक्तीला कर्णबधिर मानतो. ६० ते ७० डेसिबल असेल तर कमी ऐकू येणे या गटात धरतो. जी लहान मुले आवाज ऐकून खूण करू शकत नाहीत, त्यांच्यासाठी मेंदूचा प्रतिसाद टिपणारी बेरा चाचणी करतात.

बौद्धिक अक्षमतेत बुद्ध्यंकासोबत रोजच्या जगण्यातली कुशलता पाहिली जाते. आपल्याकडे वापरली जाणारी बिने-कामत चाचणी व्ही. व्ही. कामत यांनी १९३० च्या दशकात मराठी आणि कन्नड बोलणाऱ्या मुलांवर प्रमाणित केली होती. मूल स्वतः जेवते का, कपडे घालते का, पैसे ओळखते का, याची माहिती आईवडिलांनी खरीखुरी सांगावी. लाजेपोटी मुलाला अधिक हुशार दाखवल्यास मुलाचेच नुकसान होते. शाळेच्या नोंदीही इथे कामी येतात.

मानसिक आजार एक्स-रेत दिसत नाही, त्यामुळे कागदांची गरज इथे सर्वाधिक असते. ‘आयडियाज’ या भारतीय मापनपद्धतीत स्वतःची काळजी, इतरांशी संबंध, संवाद व आकलन आणि कामधंदा या चार बाजूंना गुण देतात. आजार किती काळ आहे तेही त्यात मोजले जाते. म्हणून पहिल्या चिठ्ठीपासूनची औषधांची नोंद, दाखल झाल्याची कार्डे आणि उपचारातील खंड तारखांसह मांडावेत. रक्ताच्या विकारांत हिमोग्लोबिनच्या प्रकाराची तपासणी, रक्त गोठवणाऱ्या घटकाचे प्रमाण आणि रक्त चढवल्याच्या नोंदी लागतात.

कागद मिळवणे आणि लावणे

केसपेपर, डिस्चार्ज कार्ड, शस्त्रक्रियेची नोंद, तपासण्यांचे अहवाल आणि औषधांच्या चिठ्ठ्या हा फाईलचा गाभा. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार दाखल रुग्णाची कागदपत्रे डॉक्टरांनी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपली पाहिजेत, आणि रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत माणसाने मागितल्यास ७२ तासांच्या आत द्यायला हवीत. मागणी लेखी करावी आणि पोच घ्यावी. तीन वर्षांची मुदत लक्षात घेता ती लवकर केलेली बरी.

उपचार करणाऱ्या डॉक्टरांची एक चिठ्ठी फार उपयोगी ठरते. तिच्यात निदान, आजार सुरू झाल्याची तारीख, झालेले उपचार, सध्याची अवस्था, सुधारणेची शक्यता आणि कोणती कामे जमत नाहीत, हे सारे असावे. ‘रुग्ण अशक्त आहे’ एवढ्या मोघम वाक्यातून काही मोजता येत नाही. ‘उजवा खांदा ४० अंशांपुढे उचलत नाही, ओझे घेता येत नाही’ असे लिहिले तर ते तपासता येते. कागद तारखेनुसार लावावेत, मूळ प्रती सोबत न्याव्यात आणि छायाप्रती सादर कराव्यात. आधार, केसपेपर आणि अर्ज यांवरील नाव व वय सारखे आहे ना, हे आधीच पाहावे.

अर्जाची वेळही महत्त्वाची आहे. हाड जुळत असताना किंवा पक्षाघातातून माणूस सावरत असताना अंतिम टक्केवारी ठरवता येत नाही. उपचार होऊन अवस्था स्थिर झाल्यावर तपासणी करणे योग्य. सुधारणा संभवत असेल तर मुदतीचे प्रमाणपत्र देतात, आणि मुदत संपण्याआधी नव्या अहवालांसह पुन्हा जावे लागते.

निकाल, दाद आणि लाभ

दोन अपंगत्वे असली तरी टक्क्यांची सरळ बेरीज होत नाही. २०१८ च्या सूचनांतील सूत्राने ४० आणि ३० मिळून ७० न होता सुमारे ५७ टक्के होतात. प्रमाणपत्र तीन महिन्यांत द्यावे, असे २०२४ चे नियम सांगतात. ते नाकारल्यास कारण लेखी मिळायला हवे, आणि निर्णय मान्य नसल्यास कायद्याच्या ५९ व्या कलमानुसार अपील करता येते. अपिलात जुनी फाईल तशीच पुढे करण्यापेक्षा जो मुद्दा सिद्ध झाला नाही त्याचा नवा अहवाल जोडावा. खोटे दाखवून लाभ घेतल्यास ९१ व्या कलमाने दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. अशा खोट्या दाखल्यांनी खऱ्या दिव्यांगांकडेही संशयाने पाहिले जाते.

प्रमाणपत्र हाती आल्यावर प्रत्येक योजनेचा दरवाजा वेगळा असतो. संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज माढा तहसील कार्यालयात उत्पन्नाच्या दाखल्यासह द्यायचा असतो. दिव्यांगांचे दरमहा अनुदान १,५०० वरून २,५०० रुपये करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये घेतला. केंद्राच्या इंदिरा गांधी दिव्यांग निवृत्तिवेतनाला ८० टक्के दिव्यांगत्व आणि दारिद्र्यरेषेखालील यादीत नाव लागते. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातील पाच टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्चायची असते, त्यामुळे तिथेही नाव नोंदवावे. शेतकऱ्याला अपघात झाला असेल, तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत एक हात, पाय किंवा डोळा गेल्यास एक लाख आणि असे दोन अवयव गेल्यास दोन लाख रुपये मिळतात. तो प्रस्ताव तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लवकर द्यावा लागतो, म्हणून सातबारा आणि पोलिसांचा पंचनामा डिस्चार्ज कार्डासोबतच मिळवून ठेवावा.