दुखणारे सांधे आणि हालचालीचे माप

संधिवात हे एका रोगाचे नाव नाही. शंभराहून अधिक विकार या शब्दाखाली येतात आणि त्यांची कारणे एकमेकांपासून फार वेगळी असतात. वयाबरोबर कूर्चा झिजून होणारी गुडघेदुखी हा त्यांतला सर्वांत ओळखीचा प्रकार. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते तो आमवात. तरुणांचा कणा आखडवणारा स्पॉन्डिलायटिस, युरिक ॲसिडचे खडे साचून अंगठा लाल करणारा वातरक्त, अंगभर दुखवणारा फायब्रोमायल्जिया आणि त्वचेपासून मूत्रपिंडापर्यंत पोहोचणारा ल्युपस हेही त्यातच येतात. अमरावती जिल्ह्यातल्या परतवाड्याच्या दवाखान्यात मात्र रुग्ण एवढेच सांगतो, की टोंगळे (गुडघे) दुखतात, बसले की उठवत नाही. त्यानंतरचा प्रश्न बहुतेकांचा एकच असतो: चालावे की पडून राहावे?

महाराष्ट्रात या दुखण्याची पहिली नीट मोजदाद भिगवणला झाली. पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या या गावात डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये घरोघरी पाहणी सुरू केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने चालणाऱ्या ‘कॉपकॉर्ड’ या कार्यक्रमाचा तो भाग होता. ४,०९२ प्रौढांची विचारपूस झाली आणि त्यांपैकी १८.२ टक्के लोकांना हाडे, सांधे किंवा स्नायूंचे दुखणे असल्याचे आढळले. आमवात साधारण दोनशे प्रौढांत एकाला होता. झिजेचे दुखणे आणि स्नायू-कंडरांची दुखणी त्याच्या कित्येक पट अधिक होती. म्हणजे खेड्यातला माणूस दिवसभर राबतो, म्हणून त्याचे सांधे शाबूत राहतात, ही समजूत टिकत नाही.

वऱ्हाडात तर ती आणखीच तपासून घ्यावी लागते. सोयाबीन-कपाशीचे निंदण बहुतेक बायाच करतात, तेही तासन् तास उकिडवे बसून, पुढे सरकत. कापूस वेचताना कंबर वाकलेली आणि ओटीचे ओझे पोटाशी असते. संत्र्याच्या बागेत कॅरेट उचलणे, घरी धुणी-भांडी जमिनीवर, आणि पूर्ण उकिडव्या बसण्यात गुडघ्यावर येणारा ताण तर उभे राहण्याच्या कितीतरी पट. चीनमधील बीजिंग शहरात वृद्धांची पाहणी झाली तेव्हा तरुणपणी रोज बराच वेळ उकिडवे बसणाऱ्यांत गुडघ्याची झीज अधिक आढळली. शेतातले कष्ट ही हालचाल खरीच, पण तिच्यात तेच ते सांधे, त्याच कोनात, थकेपर्यंत वापरले जातात. मांडीचे पुढचे स्नायू, कुल्ल्याचे स्नायू आणि तोल या गोष्टींना त्यातून फारसे बळ मिळत नाही. त्यामुळे शेतमजूर बाईला ‘तुमचा व्यायाम आपोआप होतो’ असे सांगणे हे वैद्यकीय उत्तर नव्हे. दुसऱ्या टोकाला परतवाडा-अचलपुरातला दुकानदार किंवा निवृत्त शिक्षक असतो. गुडघा दुखू लागला की तो आधी सकाळचे फिरणे सोडतो, मग जिना सोडतो, आणि वर्षभरात मांडी बारीक झालेली दिसते.

सांध्यातल्या कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. भोवतीच्या द्रवातूनच तिला पोषण मिळते आणि हा द्रव दाब पडून सुटल्याशिवाय आतबाहेर होत नाही. सांधा हललाच नाही तर कूर्चा उपाशी राहते. त्याहून मोठी गोष्ट स्नायूंची. गुडघ्यावर येणारा धक्का मांडीचा स्नायू झेलतो. तो अशक्त झाला की धक्का सरळ हाडावर जातो, दुखणे वाढते, दुखते म्हणून माणूस आणखी कमी हलतो. वजनाचाही हिशेब आहे. गुडघेदुखीच्या जाड रुग्णांवरील अमेरिकेतील अभ्यासात असे दिसले, की एक किलो वजन घटले तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार जवळजवळ चार किलोंनी घटतो. त्याच गटाने २०१३ मध्ये ४५४ जणांवरचा दीड वर्षाचा प्रयोग प्रसिद्ध केला. आहार आणि व्यायाम दोन्ही सांभाळणाऱ्यांचे दुखणे, फक्त आहार किंवा फक्त व्यायाम सांभाळणाऱ्यांपेक्षा अधिक कमी झाले होते.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत आमवाताच्या रुग्णाला आठवडेच्या आठवडे खाटेवर झोपवणे हा मान्य उपचार होता. सुजलेला सांधा हलवला तर तो आणखी बिघडेल, असे डॉक्टरांनाच वाटे. घरोघरी आजही दिला जाणारा ‘आराम करा’ हा सल्ला त्याच काळातून आलेला आहे. ही भीती कितपत खरी, हे नेदरलँड्समधील एका प्रयोगाने २००३ मध्ये दाखवले. आमवाताच्या ३०९ रुग्णांपैकी निम्म्यांना आठवड्यातून दोनदा, प्रत्येक वेळी सव्वा तास, सायकल, ताकदीचे व्यायाम आणि खेळ असा बऱ्यापैकी जोराचा कार्यक्रम दोन वर्षे दिला गेला. त्यांची कामाची क्षमता वाढली, रोग भडकला नाही, हातापायांच्या लहान सांध्यांची हानीही वाढली नाही. सावधगिरीची खूण एकच मिळाली: गुडघा, खांदा यांसारखे मोठे सांधे आधीच फार खराब झालेल्यांनी जोराचे, धक्क्याचे व्यायाम टाळावेत. २०१८ मध्ये युरोपातील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने शारीरिक हालचालीला अशा सर्व रुग्णांच्या नेहमीच्या उपचारात स्थान दिले.

व्यायामाची बढाई मात्र मारू नये. गुडघ्याच्या झिजेवरील ५४ चाचण्या एकत्र करून २०१५ मध्ये जो आढावा निघाला, त्यात व्यायामाने दुखणे कमी होते आणि हा परिणाम वेदनाशामक गोळ्यांच्या तोडीचा आहे, असे दिसले. पुढे २०२४ मध्ये कितीतरी अधिक चाचण्या घेऊन तो आढावा नव्याने झाला, तेव्हा फायदा दिसला, पण पूर्वी वाटला त्यापेक्षा लहान. झिजलेली कूर्चा व्यायामाने परत उगवत नाही. तरी गोळीच्या तुलनेत त्याची बाजू भक्कम राहते, कारण गोळीने पोटात व्रण होऊ शकतो, मूत्रपिंड दुखावू शकते. व्यायामाचे उपपरिणाम उलट दिशेचे असतात. आमवातात हृदयविकाराचा धोका इतरांच्या सुमारे दीडपट असतो, स्टेरॉइडमुळे हाडे ठिसूळ होतात, थकवा आणि उदासी पाठ सोडत नाही. या साऱ्यांवर नियमित हालचालीचा उपयोग होतो.

माप किती, यावर जागतिक आरोग्य संघटनेचे २०२० चे उत्तर असे: आठवड्यात किमान १५० मिनिटे मध्यम हालचाल, दोन दिवस स्नायूंची ताकद वाढवणारे व्यायाम, आणि पासष्टीपुढच्यांनी तीन दिवस तोल सांभाळण्याचा सराव. मध्यम म्हणजे चालताना बोलता येते, पण गाणे म्हणता येत नाही, इतपत दम लागणे. घड्याळ नसले तरी ही परीक्षा शेताच्या धुऱ्यावरही घेता येते. रोज दहा हजार पावलांचा धाक बाळगण्याचे कारण नाही. गुडघ्याची झीज असलेल्यांच्या अमेरिकी पाहणीत दिवसाला सुमारे सहा हजार पावले चालणारे पुढच्या दोन वर्षांत अपंगत्वापासून बरेच वाचले होते. आणि ज्याला आज घरापासून चौकापर्यंतच जाता येते, त्याने दहा मिनिटांपासून सुरुवात करावी. थोडी हालचालही काहीच न करण्यापेक्षा चांगली.

वऱ्हाडात खरी अडचण वेळेची आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, म्हणून फिरणे पहाटेच उरकावे लागते. आमवाताच्या रुग्णाचे सांधे नेमके पहाटेच सर्वांत आखडलेले असतात. झिजेच्या दुखण्यात हा आखडा अर्ध्या तासात सुटतो, आमवातात तासभर आणि त्याहूनही जास्त राहतो. अशा रुग्णाने उठल्याबरोबर रस्त्याला लागू नये. अंथरुणातच घोटे, गुडघे, मनगटे हळूहळू फिरवावीत, कोमट पाण्याने हातपाय शेकावेत, मग बाहेर पडावे. तेही जमत नसेल तर सूर्य मावळल्यावर चालावे. ल्युपसच्या रुग्णाला तर ऊन हाच शत्रू असतो, त्याला संध्याकाळच बरी. उन्हाळ्यात पाणी कमी पडले, घाम गेला आणि वर वेदनाशामक गोळ्या चालू राहिल्या, तर मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. परतवाड्यात ही गोष्ट पुण्या-मुंबईपेक्षा जास्त गांभीर्याने घ्यायला हवी.

जागाही निवडावी लागते. परतवाडा सपाटीवर असले तरी मेळघाटचे डोंगर तेथूनच सुरू होतात. बहिरमच्या यात्रेतल्या पायऱ्या असोत की मुक्तागिरीचा चढ, गुडघ्याला त्रास चढताना होतो त्यापेक्षा उतरताना अधिक होतो, कारण शरीराचे वजन वाकलेल्या गुडघ्यावर झेलावे लागते. उतरताना कठडा धरावा आणि दुखरा पाय आधी खाली टाकावा. शेगावच्या पायी वारीला निघणाऱ्यांनीही दोन-तीन महिने आधीपासून अंतर थोडे थोडे वाढवावे. वर्षभर बसून राहून चार दिवसांत पायांवर सगळा भार टाकला, की गुडघ्याला सूज येते आणि दोष मात्र चालण्याला दिला जातो.

प्रत्येक विकाराचा नियम थोडा वेगळा असतो. स्पॉन्डिलायटिसमध्ये दुखणे बहुधा पंचेचाळिशीच्या आत सुरू होते, रात्री वाढते आणि हालचालीने उतरते. येथे विश्रांती सरळ हानिकारक ठरते. कणा ताठ करणारे, छाती फुलवणारे व्यायाम रोज करावे लागतात. पोहायची सोय असेल तर उत्तम. वातरक्ताचा झटका असताना मात्र तो सांधा काही दिवस शांत ठेवावा. आमवातात मानेचे वरचे मणके सैल झालेले असू शकतात, म्हणून शीर्षासन, हलासन किंवा मानेला झटका देणारी कोणतीही कसरत डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. २००६ मध्ये महाराष्ट्रात, विदर्भातही, चिकुनगुन्याची साथ आली तेव्हा हजारोंचे सांधे महिनोन् महिने आखडले. ताप गेल्यावर अशा सांध्यांना हलकी, रोजची हालचाल हवी असते. मेळघाट परिसरातील तरुणाच्या खुब्यात दुखत असेल तर व्यायाम सुरू करण्याआधी सिकलसेलची तपासणी करून घ्यावी. त्या आजारात खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटू शकतो आणि तिथे भार देणे चुकीचे ठरते.

हातांकडे सहसा कोणी लक्ष देत नाही. ब्रिटनमध्ये आमवाताच्या ४९० रुग्णांपैकी निम्म्यांना बोटे ताणण्याचे आणि मुठीची ताकद वाढवण्याचे व्यायाम शिकवण्यात आले. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार वर्षभरानंतर त्यांचे हात नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा अधिक कामाचे राहिले होते. कापूस वेचणाऱ्या हातांना याचे मोल सांगायला नको. मऊ चेंडू किंवा कणकेचा गोळा दाबणे, बोटे एकेक करून अंगठ्याला लावणे, मनगट वरखाली करणे, यांना खर्च लागत नाही. गुडघ्यासाठी पलंगावर पाय पसरून गुडघ्याखाली गुंडाळलेला टॉवेल पाच सेकंद दाबून धरावा. सरळ पाय वीतभर उचलावा. मजबूत खुर्चीवरून हात न टेकता उठावे-बसावे, आणि भिंत धरून टाचा उचलाव्यात. दहा-दहा वेळा, दिवसातून दोनदा, इतक्यावर कित्येकांचे काम भागते. खुर्चीवरून उठणे हा त्यांतला सर्वांत उपयोगी व्यायाम, कारण रोज लागणारी हालचाल तीच असते.

व्यायामाची परंपरा या जिल्ह्याला परकी नाही. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून उभे आहे आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्याच्या पथकाने तेथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवली होती. पण आखाड्याची ही परंपरा मुख्यतः निरोगी तरुणांसाठी होती. दुखऱ्या गुडघ्याच्या साठीतल्या बाईला तिथली शिस्त हवी, जोर-बैठका नकोत. योगासनांचेही तसेच आहे. श्वसन आणि हलके ताण उपयोगी पडतात. सुजलेल्या गुडघ्याने वज्रासन किंवा पद्मासन धरणे मात्र हट्टीपणाचे होते. खुर्चीत बसून केलेली आसने कमी प्रतीची नसतात.

दुखले तर थांबावे का? नव्याने व्यायाम सुरू करणाऱ्याचे स्नायू थोडे दुखणारच. व्यायामानंतर वाढलेले दुखणे दोन तासांहून अधिक टिकले, किंवा दुसऱ्या दिवशी सांधा सुजला, तर पुढच्या वेळी माप कमी करावे, बंद करू नये. सांधा गरम, लाल होऊन ताप आला, पायातली शक्ती एकाएकी गेली, छातीत दुखले किंवा पडल्यावर पाय टेकवेना, तर व्यायाम बाजूला ठेवून थेट रुग्णालय गाठावे. आमवातात व्यायाम औषधाची जागा घेत नाही. मेथोट्रेक्सेटसारखी गोळी, जी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, ती स्वतःच्या मनाने बंद करून चालण्यावर विसंबणे धोक्याचे आहे. बाजारात ‘वातावर रामबाण’ म्हणून मिळणाऱ्या बिनलेबलच्या पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले अनेकदा सापडले आहे. त्यांनी दुखणे झटकन थांबते आणि हाडे पोखरली जातात.

शेतात बसून करायची कामे सोडता येत नाहीत, पण त्यांची रीत बदलता येते. निंदताना बसायला वीतभर उंचीचा पाट घ्यावा, अर्ध्या तासाने उठून चार पावले चालावे, कापसाची ओटी लवकर लवकर रिकामी करावी, संडासाला कमोडची खुर्ची वापरावी. अचलपूरच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा अमरावती-अकोल्याच्या डॉक्टरांकडे गेल्यावर रुग्णाने गोळ्यांच्या चिठ्ठीवर समाधान मानू नये. कोणता व्यायाम, किती वेळा आणि कोणता टाळायचा, हेही त्याच चिठ्ठीवर लिहून मागावे.