दादीच्या बांगड्या आणि सात हिस्से

आमच्या दादीची जन्मतारीख घरात कुणालाच ठाऊक नव्हती. आधार कार्डावर १ जानेवारी आहे. पण तिच्या पिढीतल्या निम्म्या मोहल्ल्याचा वाढदिवस त्याच दिवशी येतो. वय विचारलं की ती म्हणायची, "शिरीषकुमार गेला, त्या दिवशी अम्मांनी मला अंगणातून ओढत आत नेलं आणि कडी लावली." नंदुरबारच्या माणिक चौकाजवळचा तो गोळीबार ९ सप्टेंबर १९४२ चा. एवढं आठवतं म्हणजे ती तेव्हा तीन-चार वर्षांची असणार. चाचांचा जन्म तिने असाच सांगितला होता, "दुष्काळात", म्हणजे १९७२. तुमच्या घरी कुणी वयस्कर असतील तर साल विचारू नका. कोणती घटना आठवते ते विचारा. साल आपोआप सापडतं.

मागच्या वर्षी दादीचा इंतकाल झाला. जियारतीनंतर सगळे एकत्र बसले आणि प्रत्येकाकडे दादीचा वेगळाच तुकडा निघाला. ते सगळे तुकडे मी वहीत उतरवून घेतले. तिला लिहिता येत नव्हतं, म्हणून कुणीतरी लिहायला हवं होतं.

आम्ही मनियार. दादा गेले तेव्हा चाचा शाळेत होते. चार महिने दहा दिवसांची इद्दत संपली आणि पुढच्याच आठवड्यात दादीने बांगड्यांची टोपली उचलली. रनाळे, कोपर्ली, खोंडामळी, जिथे एस.टी. जाईल तिथे ती जाई. फिरोजाबादचा काचेचा माल ती घाऊक दुकानातून उधारीवर उचलायची. सारंगखेड्याला दत्तजयंतीची यात्रा भरली की घोडे बघायला जग लोटतं; आमच्या घरासाठी मात्र ती हिरव्या चुड्यांची यात्रा होती. होळीआधीच्या भोंगऱ्या बाजारांत धडगावकडे गेली की तीन-तीन दिवस परत येत नसे. अब्बा म्हणतात, त्या दिवसांत घरात डाळ पातळ असायची आणि ती परतली की गूळ यायचा.

माप ती नजरेने घ्यायची. सव्वादोन की अडीच, हे मनगट पाहताच कळे. बाईचा हात दोन्ही हातांत धरून, बोटं जुळवून, अंगठ्याखालचं हाड दाबत बांगडी सरकवायची आणि तेवढा वेळ अहिराणीत तिच्याशी बोलत राहायची, म्हणजे हात सैल पडतो. भरताना बांगडी फुटली तर तिचे पैसे घ्यायचे नाहीत, हा तिचा नियम. शिवाय "फुटली" हा शब्द ती कधी तोंडातून काढत नसे, "वाढली" म्हणायची. गिऱ्हाईक हिंदू असो, आदिवासी असो की आपल्यातलं, बांगडी वाढतच असे. मधल्या फुफीचं म्हणणं, अर्ध्या गावांची गुपितं अम्मांच्या कानात होती आणि तिथेच राहिली. हे मला खरं वाटतं, कारण आम्हालाही तिने त्यातलं एक सांगितलं नाही.

१ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा होऊन नंदुरबार जिल्हा झाला. त्याच वर्षी दादीने दोन खोल्यांचं घर घेतलं. खरेदीखत तिच्या एकटीच्या नावावर, खाली तिचा अंगठा.

तिचा दुसरा एक अंगठा फार आधीचा. तिच्या वालिदांच्या घराच्या हक्कसोड पत्रावरचा. त्याबद्दल मात्र घरात एकमत नाही. थोरली फुफी म्हणते, अम्मांनी खुशीने सोडलं. अब्बा म्हणतात, खुशी कसली, भाऊ कागद घेऊन आले तेव्हा घरात दादा आजारी होते आणि भांडायला कुणाला सवड नव्हती. चाचांच्या आठवणीत दादीचं एकच वाक्य आहे, "हिस्सा घेतला असता तर ईदला जायला माहेर उरलं नसतं." तिघंही खरं बोलत असावेत. एकाच बाईने तिघांना तीन वेळी तीन उत्तरं दिली असतील.

म्हणून दादीच्या घराचा प्रश्न आला तेव्हा बैठक लांबली. दोन मुलगे, तीन मुली. चाळीसाव्याच्या आतच एका नातेवाइकाने स्टॅम्प पेपर आणण्याची तयारी दाखवली, "बहिणींच्या सह्या घेऊन टाका, रीतच आहे." रीत आहे हे खरं. पण सूरह निसाच्या सातव्या आयतीत आई-वडिलांनी मागे ठेवलेल्यात, थोडं असो की फार, स्त्रियांचाही हिस्सा ठरवून दिला आहे, आणि अकराव्या आयतीत मुलाला दोन मुलींइतका. शिवाय आधी वसियत आणि कर्ज, मग वाटणी. नमाजेला आपण रीत विचारत नाही. वाटणीच्या वेळीच ती का आठवते, असं माझ्या मनात आलं. अब्बांनी ते मोठ्याने म्हटलं.

आधी कर्ज पाहिलं. घाऊक दुकानाची बाकी होती, ती चाचांनी स्वतः जाऊन चुकती केली. येणं किती हे कुणालाच माहीत नव्हतं. दादीची उधारी तिच्या डोक्यात असायची. शेवटच्या आजारात तिने फुफींना सांगून ठेवलं होतं, गावांकडे कुणी जाऊ नये, सगळ्या बायांना माफ आहे. त्यामुळे उरलं ते फक्त घर. सात भाग: भावांना दोन-दोन, बहिणींना एक-एक.

दोन खोल्यांचे सात भाग भिंती घालून होत नाहीत. घराची किंमत काढली, आणि भाऊ बहिणींना रोख देणार असं ठरलं. अब्बा मिरचीच्या व्यापाऱ्याकडे मुनीम आहेत. दिवाळीनंतर शहराबाहेरच्या पथारींवर लाल मिरची वाळायला पडते आणि तेव्हाच हातात चार पैसे जास्त येतात, म्हणून हप्ते हंगामावर बांधले. चाची आधी गप्प होत्या. त्यांच्या मुलाचं शिक्षण चालू आहे, आणि त्यांनाही स्वतःच्या माहेरातून काही मिळालेलं नाही. मग एकदा त्यांनी विचारलं, "माझ्या भावांना हे कुणी सांगेल का?" चाचा त्यावर काही बोलले नाहीत, पण पुढच्या जुम्म्याला सासुरवाडीला जाऊन आले.

धाकट्या दोघी फुफींनी पहिला हप्ता घेतला. मधलीने त्यातून शिलाई मशीन घेतलं. थोरलीने हात मागे घेतला. अम्मांनी घेतला नाही, मी कसा घेऊ, असं म्हणाली. अब्बांनी जबरदस्ती केली नाही; तिच्या नावाने पोस्टात खातं काढलं आणि तिचा हप्ता तिथे भरू लागले. पासबुक आमच्या कपाटात आहे.

गेल्या महिन्यात तिचा फोन आला होता. नातवंडांचं, पावसाचं सगळं बोलून झाल्यावर तिने हळूच विचारलं, "खात्यात किती जमले रे?"