परक्याच्या हातातली मोजपट्टी

ताऱ्यांची ऊर्जा : लेखांक सहावा

इंग्लंडमधल्या कल्हॅम प्रयोगशाळेतून १९६९ साली सुमारे पाच टन सामान मॉस्कोला गेले. त्यात रुबी लेझर होता, प्रकाश टिपणारी संवेदनशील उपकरणे होती आणि ती चालवणारे मूठभर इंग्रज शास्त्रज्ञ सोबत होते. शीतयुद्ध ऐन भरात होते. सोव्हिएत रणगाडे प्रागमध्ये शिरल्याला जेमतेम काही महिने झाले होते. अशा दिवसांत ही मंडळी निघाली होती कुर्चातोव्ह संस्थेत, म्हणजे सोव्हिएत अणुबॉम्बच्या माहेरघरी.

काम नाजूक होते. यजमानांनी जगापुढे केलेला दावा खरा की खोटा, हे त्यांच्याच घरात बसून, पण स्वतःच्या उपकरणांनी तपासायचे होते. विशेष म्हणजे बोलावणे यजमानांचेच होते.

हा दावा टोकामॅक या यंत्राविषयी होता. त्याची रचना गेल्या आठवड्याच्या लेखात आली होती. ड्युटेरियम आणि ट्रिटियम ही हायड्रोजनची जड रूपे एकमेकांत विलीन झाली, म्हणजेच त्यांचे संमीलन झाले, की हेलियम, एक वेगवान न्यूट्रॉन आणि प्रचंड ऊर्जा मिळते. त्यासाठी हा वायू कोट्यवधी अंशांपर्यंत तापवून त्याचा प्लाझ्मा करावा लागतो. त्या तापमानाला कोणतीच भिंत टिकत नाही, म्हणून कड्याच्या आकाराच्या पोकळीत चुंबकीय क्षेत्राच्या जोरावर तो अधांतरी धरून ठेवायचा. ही कल्पना आंद्रेई साखारोव्ह आणि इगोर ताम यांनी १९५०-५१ मध्ये मांडली. पुढे लेव्ह आर्त्सिमोविच यांच्या नेतृत्वाखाली मॉस्कोत एकामागून एक टोकामॅक उभे राहिले.

ऑगस्ट १९६८ मध्ये नोव्होसिबिर्स्क इथल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत आर्त्सिमोविच यांच्या गटाने जाहीर केले, की ‘टी-३’ या यंत्रातला प्लाझ्मा सुमारे एक कोटी अंशांपर्यंत तापला आहे. पाश्चात्त्य यंत्रे या आकड्याच्या जवळपासही नव्हती. पश्चिमेतले शास्त्रज्ञ साशंक झाले. सोव्हिएत गटाने तापमान थेट मोजलेले नव्हते, ते आडवळणाने काढलेले होते. प्लाझ्मात थोडेसे इलेक्ट्रॉन बेफाम वेगाने सुटले, तरी असाच फसवा आकडा मिळू शकला असता.

शंकेला जुनी जखमही होती. जानेवारी १९५८ मध्ये ब्रिटनने हारवेल इथल्या ‘झीटा’ यंत्रात संमीलन साधल्याची घोषणा मोठ्या थाटात केली. वर्तमानपत्रांनी पहिली पाने त्या बातमीने भरली. काही महिन्यांतच कळले, की मिळालेले न्यूट्रॉन प्लाझ्माच्या उष्णतेतून आलेच नव्हते. ते प्लाझ्मातल्या खळबळीने ढकलल्या गेलेल्या कणांच्या टकरीतून आले होते. घोषणा मागे घ्यावी लागली. त्यानंतर संमीलनाच्या क्षेत्रात कोणी मोठा आकडा सांगितला, की पहिला प्रश्न ठरलेला असे : मोजला कोणी आणि कसा?

आर्त्सिमोविच यांनी या प्रश्नाला सर्वांत सरळ उत्तर दिले. लेझरने प्लाझ्माचे तापमान मोजण्यात ब्रिटिश पुढे होते, म्हणून त्यांनी कल्हॅमचे प्रमुख बास पीज यांनाच आपला गट पाठवायला सांगितले. पद्धत अशी : प्लाझ्मात लेझरचा एकाच रंगाचा झोत सोडायचा आणि इलेक्ट्रॉनांवरून विखुरलेला प्रकाश टिपायचा. इलेक्ट्रॉन जितके वेगवान, तितका त्या प्रकाशाचा रंग मूळ रंगाच्या दोन्ही बाजूंना पसरतो. पसरण किती, यावरून तापमान कळते. मधे कोणतेही गृहीतक लपवायला जागा राहत नाही.

आकडा खरा निघाला. निकोल पीकॉक, डेरेक रॉबिन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा निबंध नोव्हेंबर १९६९ मध्ये ‘नेचर’मध्ये छापून आला, लेखकांत एक सोव्हिएत शास्त्रज्ञही होता. निबंध येईपर्यंत अमेरिकेत धावपळ सुरू झालीच होती. प्रिन्स्टनने आपले ‘स्टेलरेटर’ जातीचे मोठे यंत्र उलगडून त्याचा टोकामॅक केला आणि १९७० मध्ये तो सुरूही केला. एका मोजणीने अख्ख्या जगाच्या संशोधनाची दिशा बदलली, आणि ती मोजणी प्रतिस्पर्ध्याने केलेली होती म्हणूनच बदलली.

संमीलनाच्या आंतरराष्ट्रीय सहकार्याविषयी बोलताना मैत्री, शांतता, मानवतेचे भले असे शब्द सहज येतात. ते खोटे नाहीत. पण हे सहकार्य ज्या पायावर सत्तर वर्षे टिकले, तो पाया याहून ठोस आहे. आपले काम दुसऱ्याच्या मोजपट्टीखाली ठेवायची तयारी, हा तो पाया.

सुरुवात मात्र गुप्ततेत झाली होती. हायड्रोजन बॉम्बची छाया असल्यामुळे अमेरिका, ब्रिटन आणि सोव्हिएत संघ आपापले प्रयोग कुलूपबंद ठेवत. १९५५ साली जिनिव्हात अणुशक्तीच्या शांततामय वापरावर संयुक्त राष्ट्रांची पहिली परिषद भरली, तेव्हा अध्यक्षस्थानी डॉ. होमी भाभा होते. संमीलनाची ऊर्जा नियंत्रितपणे मिळवण्याचा मार्ग वीस वर्षांत सापडेल, असे भाकीत त्यांनी भाषणात केले आणि बंद दारांआड चाललेला विषय उघड्यावर आणला. पुढच्याच वर्षी, एप्रिल १९५६ मध्ये, ख्रुश्चेव्ह यांच्याबरोबर ब्रिटनला आलेल्या इगोर कुर्चातोव्ह यांनी हारवेलमध्ये सोव्हिएत प्रयोगांवर जाहीर व्याख्यान देऊन यजमानांना चकित केले. १९५८ च्या दुसऱ्या जिनिव्हा परिषदेपर्यंत गुप्ततेचा पडदा जवळजवळ पूर्ण उठला. भाभांचे वीस वर्षांचे भाकीत चुकले. विषय खुलेपणाने चर्चेला आणण्याचा त्यांचा आग्रह मात्र अचूक होता.

एका मोठ्या सामायिक यंत्राची कल्पना राजकीय पातळीवर आली ती नोव्हेंबर १९८५ मध्ये. जिनिव्हात रोनाल्ड रेगन आणि मिखाईल गोर्बाचेव्ह यांची पहिली भेट झाली. शस्त्रकपातीवर फारसे जमले नाही. संयुक्त निवेदनात मात्र संमीलन संशोधनात सहकार्य करण्याचे वाक्य आले. गोर्बाचेव्ह यांचे वैज्ञानिक सल्लागार येवगेनी वेलिखोव्ह यांचा त्यामागे मोठा हात होता. १९८८ मध्ये अमेरिका, सोव्हिएत संघ, युरोप आणि जपान यांनी आराखड्याचे काम हाती घेतले. प्रकल्पाचे नाव ‘इटर’.

पुढची वाट सरळ नव्हती. सोव्हिएत संघ विसर्जित झाला. खर्च पाहून अमेरिका १९९० च्या दशकाअखेर बाहेर पडली आणि २००३ मध्ये परत आली. त्याच वर्षी चीन आणि दक्षिण कोरिया सामील झाले. यंत्र कुठे उभारायचे यावर फ्रान्समधले कादाराश आणि जपानमधले रोक्काशो यांच्यात दीर्घ ओढाताण झाली. जून २००५ मध्ये मॉस्कोत तोडगा निघाला : यंत्र फ्रान्समध्ये, पहिला महासंचालक जपानचा, आणि जपानच्या भूमीवर युरोपच्या मदतीने आणखी काही संशोधन प्रकल्प. त्यांतूनच नाका इथला ‘जेटी-६०एसए’ टोकामॅक उभा राहिला. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्यात पहिला प्लाझ्मा निर्माण झाला. डिसेंबर २००५ मध्ये भारत इटरचा सातवा भागीदार झाला. २१ नोव्हेंबर २००६ रोजी पॅरिसमध्ये करारावर सह्या झाल्या.

उभारणीच्या खर्चात युरोपचा वाटा सुमारे ४५ टक्के आणि बाकी सहा जणांचा प्रत्येकी सुमारे ९ टक्के ठरला. पण करारातला कळीचा मुद्दा वेगळाच होता. बहुतेक वाटा रोख पैशांत न देता यंत्राचे सुटे भाग घडवून द्यायचा, आणि त्यातून निर्माण होणारे ज्ञान सातही भागीदारांना पूर्णपणे खुले. कारखाना तुमचा, पैसा तुमचा, पण शिकलेले सगळ्यांचे.

त्यामुळे कादाराशला येणारी मालाची यादी पृथ्वीच्या नकाशाइतकी पसरलेली आहे. प्रत्येकी १७ मीटर उंचीची अठरा मुख्य चुंबकीय वेटोळी युरोप आणि जपानने केली. मध्यभागी उभा राहणारा १८ मीटर उंच, १,००० टनांचा चुंबक कॅलिफोर्नियातल्या जनरल अ‍ॅटॉमिक्सने केला. प्लाझ्मा ज्या निर्वात पात्रात राहणार, त्याचे प्रत्येकी ४४० टनांचे नऊ भाग. त्यांतले चार कोरियाचे, पाच युरोपचे. वेटोळ्यांसाठी लागणारी नायोबियम-टिनची अतिवाहक तार सुमारे एक लाख किलोमीटर, म्हणजे विषुववृत्ताला अडीच फेरे होतील इतकी. ती युरोप, जपान, रशिया, चीन, कोरिया आणि अमेरिका या सहा भागीदारांच्या कारखान्यांत तयार झाली.

सहा ठिकाणची तार एकसारखी निघाली की नाही, हे ठरवणार कोण? त्यासाठी तयार केबलचे नमुने स्वित्झर्लंडमधल्या फिलिगेन गावी जात. तिथल्या ‘सुलतान’ चाचणी केंद्रात, तीव्र चुंबकीय क्षेत्रात आणि उणे २६९ अंशांच्या आसपास त्यांची परीक्षा होई. मधल्या चुंबकासाठी केलेली केबल वारंवार ताण दिल्यावर खालावते, हे याच चाचण्यांत उघड झाले. तो चुंबक आयुष्यात हजारो वेळा चालू-बंद व्हायचा होता. दोष राहिला असता तर यंत्राचे काळीजच निकामी झाले असते. उपाय सापडला तो तारांचा पीळ अधिक घट्ट करण्यात. पीळ बदलला, पुन्हा चाचणी झाली, केबल टिकली.

भारताच्या वाट्याला यंत्राचा आकाराने सर्वांत मोठा भाग आला : क्रायोस्टॅट. सारी अतिवाहक चुंबके आणि निर्वात पात्र पोटात घेणारा हा पोलादी थर्मास आहे. उंची आणि व्यास दोन्ही सुमारे २९ मीटर, वजन ३,८५० टन. अणुऊर्जा विभागाच्या गांधीनगर इथल्या प्लाझ्मा संशोधन संस्थेतील इटर-इंडियाने हे काम मुंबईत मुख्यालय असलेल्या लार्सन अँड टुब्रोला दिले. कंपनीच्या हझिरा इथल्या कारखान्यात त्याचे ५४ तुकडे घडले, जहाजाने फ्रान्सला गेले आणि कादाराशच्या आवारात भारताने उभारलेल्या कार्यशाळेत वेल्डिंगने जोडले गेले. मे २०२० मध्ये, करोनाची पहिली लाट चालू असताना, १,२५० टनांचा तळभाग क्रेनने उचलून खड्ड्यात अलगद बसवण्यात आला. त्यानंतर जोडणीतली प्रत्येक गोष्ट त्या तळावर उभी राहत गेली. शीतजल यंत्रणा, अतिशीत हेलियम वाहून नेणाऱ्या वाहिन्या, प्लाझ्मा तापवणाऱ्या यंत्रणांतले काही भाग हेही भारताच्या वाट्याचे.

सगळेच भाग असे जुळले नाहीत. २०२२ मध्ये दोन मोठे दोष समोर आले. निर्वात पात्राच्या पहिल्या भागांच्या कडा ठरलेल्या मापापासून इतक्या ढळल्या होत्या, की त्या यंत्राने बिनचूक वेल्ड करणे शक्य नव्हते. दुसरा दोष उष्णतारोधक कवचांवरच्या शीतक नळ्यांत होता. क्लोरीनचे अंश मागे राहिल्यामुळे त्यांना बारीक तडे गेले होते. बसवून झालेला पहिला भाग जुलै २०२३ मध्ये पुन्हा खड्ड्याबाहेर काढावा लागला. इटरने दोन्ही दोष जाहीरपणे मांडले, दुरुस्ती हाती घेतली आणि एप्रिल २०२५ मध्ये दुरुस्त केलेल्या भागांतला पहिला खड्ड्यात उतरवला.

याची किंमत मोठी आहे. मूळ योजनेत पहिला प्लाझ्मा २०१६ मध्ये दिसायचा होता. जुलै २०२४ मध्ये जाहीर झालेल्या वेळापत्रकानुसार संशोधन २०३४ मध्ये सुरू होईल आणि ड्युटेरियम-ट्रिटियमचे खरे इंधन २०३९ मध्ये वापरले जाईल. वाढीव खर्चाचा अंदाज सुमारे ५ अब्ज युरोंचा आहे. प्लाझ्माला ५० मेगावॉट उष्णता देऊन त्यातून ५०० मेगावॉट मिळवणे हे ध्येय. वीज मात्र हे यंत्र तयार करणार नाही. टीकाकार विचारतात, की सात जणांत काम वाटल्यामुळेच हा उशीर झाला नाही का? बऱ्याच अंशी झाला, हे मान्यच करायला हवे. एकाच कारखान्यात बनलेले भाग जुळवणे सोपे गेले असते.

पण दुसरी बाजूही तितकीच ठोस आहे. युक्रेन युद्धाच्या पहिल्याच वर्षात, नोव्हेंबर २०२२ मध्ये, सेंट पीटर्सबर्गहून ९ मीटर व्यासाचे चुंबकीय वेटोळे जहाजावर चढले आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये कादाराशला पोहोचले. युरोप आणि रशिया यांच्यातले बहुतेक दोर तुटत असताना हा दोर टिकला. कल्हॅमच्याच आवारातल्या ‘जेट’ या युरोपीय टोकामॅकने बंद होण्याआधी, २०२३ च्या अखेरच्या प्रयोगांत, इंधनाच्या जेमतेम ०.२ मिलिग्रॅममधून पाच सेकंदांत ६९ मेगाज्यूल ऊर्जा मिळवली. त्या प्रयोगांत युरोपभरचे शेकडो शास्त्रज्ञ होते आणि त्यातून हाती आलेले ज्ञान इटरच्या उपयोगाचे आहे. आज अमेरिकेत आणि इतरत्र खासगी कंपन्या लहान, वेगवान संमीलन यंत्रे उभारत आहेत. त्यांच्या टोकामॅकचे भौतिकशास्त्र याच खुल्या सहकार्यातून आलेले आहे.

भारताने या उशिराकडे हात बांधून पाहू नये. गांधीनगरला १९८९ पासून ‘आदित्य’ आणि २०१३ पासून ‘एसएसटी-१’ हे टोकामॅक चालले आहेत. २९ मीटरचा क्रायोस्टॅट मिलिमीटरच्या हिशेबात जोडणारे वेल्डर आणि अभियंते आपल्याकडे तयार झाले आहेत. इटरमधले पूर्ण ज्ञान मिळण्याचा हक्क करारानेच दिलेला आहे. पण तो हक्क वापरायला घरी पुढचे, मोठे यंत्र हवे. नाहीतर हे हात दुसऱ्या कामांना लागतील आणि दोन दशकांची कमाई कागदावर राहील. २०३९ ची वाट न पाहता त्या यंत्राचा निर्णय आता व्हायला हवा.

पुढच्या लेखांकात ट्रिटियमचा प्रश्न : निसर्गात जवळजवळ न सापडणारे हे इंधन लिथियमपासून कसे मिळवायचे, आणि भागीदारांनी त्यासाठी काय आराखडे केले आहेत.