आधी रास, मग मोजणी

मोंढ्यात तूर आली की आधी रास घालतात, मग माप लावतात. संगणकावरची माणसंही तशीच मोजतात.

स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १९९४ साली नांदेडला झालं, लातूरची महाविद्यालयंही त्याच्याकडे आली. समजा, एवढ्या पसाऱ्यात प्रत्येकाला संगणकावर खातं दिलं. ही खाती ज्या नोंदवहीत राहतात तिला म्हणतात डिरेक्टरी. मायक्रोसॉफ्टची ॲक्टिव्ह डिरेक्टरी विंडोज २००० बरोबर आली. प्रत्येक नोंदीला रकाने असतात : नाव, विभाग, गाव, खातं चालू की बंद. जाणकार रकान्याला ॲट्रिब्यूट म्हणतात. आपण रकानाच म्हणू.

आता लातूरचे किती? माऊस घेऊन पानं चाळायची गरज नाही. काळ्या पडद्यावर आज्ञा लिहायची : सगळी खाती काढ, गावाप्रमाणे लाव, मोज. लिनक्समध्ये 'एलडॅपसर्च' काढतं, 'सॉर्ट' लावतं, 'यूनिक' मोजतं. 'सॉर्ट' विसरलात तर एकच लातूर दहा ठिकाणी दिसेल, कारण 'यूनिक'ला फक्त शेजारची ओळ कळते. अशा आज्ञा फाइलीत लिहून ठेवल्या की झाली स्क्रिप्ट. दर महिन्याला तीच चालवायची.

आकडा बरोबर एक हजार आला तर मात्र दचकायचं. ॲक्टिव्ह डिरेक्टरी एका दमात हजारच नोंदी देते, असा तिचा मूळ नेम आहे. पुढचं पान मागावं लागतं. स्क्रिप्टनं मागितलं नाही, तर हजाराच्या पुढचे हिशेबातच नाहीत.

खरी गंमत स्पेलिंगची. निजामाच्या काळात इंग्रजी कागदांवर नांदेडचं 'नांदेर' होतं. लातूर कुणी एका 'टी'नं लिहितो, कुणी दोन. आमच्या शेख मंडळींचं तर विचारूच नका. शाळेच्या दाखल्यावर एक स्पेलिंग, बँकेच्या पासबुकावर दुसरं. माणसाला ते एकच वाटतं, यंत्र दोन राशी घालतं. म्हणून आधी सगळ्या राशी डोळ्यांनी पाहायच्या, मगच बेरीज.

आणि एक रास बिननावाची निघते : ज्यांच्या गावाचा रकाना कुणी भरलाच नाही. 'लातूरचे मोज' म्हटलं की हे गळतात, आणि पडदा चूकही दाखवत नाही. परीक्षेची तारीख बदलल्याची सूचना त्याच यादीवरून लातूरला गेली, तर या पोरांना ती पोचत नाही. ती जुन्याच तारखेला केंद्रावर जाऊन उभी राहतात.