टपावरचं भोक आणि पावसाचं पाणी

पिकअप गाडी ही आपल्याकडे हौसेची वस्तू नाही. भाजी, मासळी, आंब्याच्या पेट्या, मांडवाचे बांबू, असं सगळं वाहणारी ती एका घराची कमाई असते आणि बहुतेक वेळा तिचे हप्ते चालू असतात. हौद्यात माल भरला की ताडपत्री, दोरखंड, रिकामे क्रेट, शिडी ठेवायला जागा उरत नाही. मग मालक केबिनच्या टपावर कॅरिअर बसवून घेतो. काम तासाभराचं वाटतं. चार भोकं, चार बोल्ट, झालं! पण टपाला भोक पाडणं म्हणजे घराच्या छपराला भोक पाडणं. ते बुजवायचं कसं, हे भोक पाडण्याआधी ठरवावं लागतं.

मी कविता लिहिणारा माणूस, मोटारींचा जाणकार नव्हे. पण आमच्या मोहल्ल्यात दर चार घरांमागे एक मिस्त्री. त्यांच्याकडून ऐकलेलं आणि पाहिलेलंच आज सांगतो आहे.

आधी पाण्याचा हिशेब करू. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. केबिनचा टप दीड चौरस मीटर धरला आणि गाडी उघड्यावर उभी राहिली, तर त्या पत्र्यावरून एका पावसाळ्यात साडेचार हजार लिटर पाणी वाहून जातं. त्यातलं पेलाभर आत शिरलं तरी पुरे. ते लगेच डोक्यावर टपकत नाही. आतल्या अस्तरावरून सरकत ते खांबात उतरतं, तिथून पायाखालच्या मॅटखाली जाऊन बसतं. महिन्याभराने कुबट वास येतो. तोवर पत्रा आतून खाल्ला गेलेला असतो. दोन पत्र्यांच्या बारीक फटीत तर पाणी आपोआप ओढलं जातं, दिव्याची वात तेल ओढते तसं. म्हणून ‘एवढ्याशा फटीतून काय जाणार?’ हा प्रश्नच चुकीचा आहे.

तेव्हा पहिला विचार असा, की भोकाशिवाय भागतं का? ज्या टपाला कडेने पन्हळ असते, तिथे पन्हळीला पकडणारे क्लॅम्प मिळतात. पन्हळ ही टपाची मजबूत कड, मधला पत्रा मात्र एक मिलिमीटरहूनही पातळ असतो. दुसरा मार्ग हौद्याच्या पुढच्या चौकटीवरून कॅरिअर केबिनवर आणायचा. इथे एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. बहुतेक पिकअपमध्ये केबिन रबरी बुशांवर बसलेली असते आणि हौदा चासीला वेगळा आवळलेला असतो. खड्ड्यात चाक गेलं की दोघं वेगवेगळे हलतात. कॅरिअर दोघांनाही घट्ट जखडला, तर ही ओढाताण बोल्टपाशी येते. तिथलं सील फाटतं आणि पुढे पत्राही तडकतो. कॅरिअर एकाच्याच आधाराने उभा करावा.

भोक पाडायचंच असेल तर ते पाणी साचतं तिथे, मधल्या खोलगट भागात पाडू नये. आतलं अस्तर उतरवून वायर कुठून गेली आहे ते बघावं, आडव्या पट्टीच्या जवळची जागा निवडावी. आधी बारीक ड्रिल, मग मोठं. पडलेला लोखंडाचा कीस लगेच झाडून काढावा, नाहीतर पहिल्या दहिवराला त्याचेच तांबडे डाग उठतात. भोकाची कड कानशीने साफ करून तिला प्रायमर आणि रंग द्यावा. ही पायरी बहुतेक ठिकाणी गाळली जाते आणि गंज नेमका तिथूनच सुरू होतो. टपाला वेल्डिंग करणं तर टाळावंच. आतल्या बाजूचा रंग जळतो आणि तिथे पुन्हा ब्रश पोचत नाही.

आता सील. डांबर उन्हात पाघळतं. दोन कांड्या मळून लावायचं सील दगडासारखं कडक होतं, आणि टप तर हलणारा. एक मीटर लोखंडी पत्रा ४० अंशांनी तापला की सुमारे अर्धा मिलिमीटर वाढतो, रात्री पुन्हा आकसतो. त्यामुळे सील रबरासारखं लवचीक हवं. पण ज्या सिलिकॉनला सिरक्यासारखा उग्र वास येतो, त्यातलं आम्ल लोखंडाला गंजवतं. ट्यूबवर ‘न्यूट्रल’ लिहिलेलं सिलिकॉन घ्यावं, किंवा मोटारीच्या काचा चिकटवायला वापरतात ते पॉलियुरेथेन.

एक मिस्त्री मला म्हणाले, “चाचा, लोक सील वरून थापतात. ते खालून पाहिजे.” खरी गोम हीच. सील कॅरिअरच्या पायाखाली, भोकाभोवती आणि बोल्टच्या आट्यांवर लावायचं. वर रबरी वॉशर, आत रुंद लोखंडी पट्टी, म्हणजे वजन एका बिंदूवर येत नाही. पहिल्या दिवशी कडेने सील थोडं बाहेर येईल इतकंच आवळायचं. ते वाळलं की दुसऱ्या दिवशी पूर्ण. तेव्हाही बोल्ट स्थिर धरून आतून नट फिरवायचा. बोल्ट फिरवला तर बसलेलं सील सुटतं.

परीक्षा सोपी आहे. आत कोरडा वर्तमानपत्राचा कागद लावून बाहेरून नळीने दहा मिनिटं पाणी सोडावं. धार आधी खालच्या कडेला, मग हळूहळू वर. कागद ओला झाला, की कुठल्या पायापाशी चूक आहे ते कळतं. हे अस्तर परत बसवण्याआधी करावं.

राहिलं वजन आणि वारा. टपाची वजनमर्यादा गाडीच्या पुस्तिकेत पाहावी, आणि त्यात कॅरिअरचंही वजन धरावं. एक इंची मध्यम जाडीचा जीआय पाइप मीटरला सुमारे अडीच किलो भरतो. बारा मीटर पाइप लागला, तर नुसता सांगाडा तीस किलोंचा. भिजलेली ताडपत्री वेगळीच. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा जोर चौपट होतो. ताशी ४० किलोमीटरला गप्प बसलेली शिडी ८० ला उचलली जाते. ती मागून येणाऱ्या दुचाकीवर पडली, तर त्याची भरपाई कुठल्याच हप्त्यात होत नाही. पहिल्या दोनशे किलोमीटरनंतर सगळे नट पुन्हा तपासावेत. मोटार वाहन कायद्याचं ५२वं कलम गाडीतल्या फेरबदलांविषयी आहे. तेव्हा काम काढण्याआधी आरटीओत आणि विमा कंपनीकडे विचारून घ्यावं.

मृगाआधी आपण घर शाकारतो, सरकलेली कौलं नीट करतो. त्याच आठवड्यात टपावरही चढावं. चारही पायांभोवती बोट फिरवावं, सील कुठे सुटलं आहे का, तांबूस कड दिसते का, ते पाहावं. अर्ध्या तासाचं काम आहे, आणि ट्यूब पत्र्यापेक्षा पुष्कळ स्वस्त मिळते.